चौथी बाजू

नैरोबी राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा समोर ठेवला की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. उत्तर, पूर्व आणि पश्चिम या तीन बाजूंना सरळ, ठळक रेघ आहे. ती कुंपणाची. दक्षिणेची रेघ मात्र नागमोडी आहे, कारण तिथे कुंपण नाही, म्बागाथी नदी आहे. कुंपणाच्या पलीकडे चव्वेचाळीस लाख वस्तीचे शहर आणि त्याची उपनगरे आहेत. नदीच्या पलीकडे मासाई पशुपालकांच्या जमिनी आहेत. पर्यटक बहुधा उत्तरेच्या फाटकातून आत जातो, सिंह-गेंडे पाहतो आणि त्याच फाटकातून बाहेर पडतो. चौथ्या बाजूला पाहण्यासारखे काही असेल असे त्याला वाटत नाही.

गेल्या वर्षी ऑगस्ट महिन्यात मी एक दिवस या उद्यानात आणि त्याच्या दक्षिणेला घालवला. त्या दिवशी पाहिलेले आणि त्याच्या आधी-नंतर वाचलेले एकत्र मांडू लागलो, तेव्हा माझे मत असे झाले, की या उद्यानातल्या प्राण्यांचे भवितव्य उद्यानाच्या आत ठरतच नाही. ते त्या चौथ्या बाजूला ठरते आहे, आणि झपाट्याने ठरते आहे.

शहराला लागून असलेला माळ

माझी भाची नोकरीनिमित्त नैरोबीत असते. तिने गाडी ठरवून दिली होती. गाडीचे चालक पन्नाशीचे, वीसेक वर्षे पर्यटकांना फिरवणारे गृहस्थ. ते मला 'म्झे' म्हणत. स्वाहिलीत वडीलधाऱ्या पुरुषाला असे आदराने म्हणतात. स्वाहिली भाषा मराठी माणसाला पहिल्याच दिवशी थोडी ओळखीची वाटते. गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', पैशाला 'पेसा', हिशेबाला 'हेसाबु', कोशिंबिरीला 'काचुंबारी'. 'सफारी' हा शब्दही स्वाहिलीच. त्याचा अर्थ नुसता प्रवास. अरबीतून तो तिकडे गेला आणि त्याच अरबी मुळातून आपल्याकडे 'सफर' आली.

ही शब्दांची देवघेव जुन्या सागरी व्यापाराची आहे, आणि काही अंशी रेल्वेचीही. १८९६ साली मोंबासाहून युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले. त्यासाठी ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले. त्यांतले बहुतेक पंजाबातले होते आणि जवळजवळ अडीच हजार तिथेच मेले. त्सावो येथे १८९८ मध्ये दोन नरभक्षक सिंहांनी याच मजुरांना उचलून नेले. १८९९ मध्ये रूळ एका दलदलीच्या माळावर पोहोचले. मासाई लोक त्या जागेला थंड पाण्याची जागा म्हणत. त्या मासाई नावावरून 'नैरोबी' झाले. म्हणजे हे शहर सव्वाशे वर्षांचे आहे. त्याच्या आधी तिथे गवत, गुरे आणि जंगली जनावरे होती.

शहराच्या मध्यापासून उद्यान जेमतेम सात किलोमीटरवर आहे. पहाटे साडेपाचला निघालो आणि सहाला फाटक उघडायच्या वेळी पोहोचलो. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही स्वेटर लागत होता, कारण हा सगळा प्रदेश समुद्रसपाटीपासून सोळा-सतराशे मीटर उंचीवर आहे. उद्यानाचे क्षेत्रफळ ११७ चौरस किलोमीटर. मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचे आहे. त्यावरून अंदाज यावा. आफ्रिकेच्या मानाने हा अगदी लहान तुकडा. तरीही त्यात सिंह, बिबटे, रानरेडे, पाणघोडे, जिराफ, झेब्रे आहेत, आणि काळे गेंडे इतके आहेत, की एवढ्या जागेत त्यांची एवढी दाटी फार थोड्या ठिकाणी असेल. पक्ष्यांच्या चारशेहून जास्त जाती आहेत. हत्ती मात्र नाहीत. हत्तींच्या कळपाला लागणारी जागा इथे नाही. आई गमावलेली पिल्ले सांभाळणारे एक प्रसिद्ध अनाथालय उद्यानात आहे, पण ती पिल्ले मोठी झाली की त्सावोच्या विस्तीर्ण जंगलात नेतात.

पश्चिमेकडच्या झाडीत धुके होते आणि त्यात रानरेड्यांचा कळप उभा होता. तिथून जवळच हस्तिदंत जाळल्याची जागा आहे. १९८९ च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी इथे चोरट्या शिकाऱ्यांकडून जप्त केलेले १२ टन हस्तिदंत पेटवले. एप्रिल २०१६ मध्ये उहुरू केन्याटा यांनी १०५ टन हस्तिदंत आणि गेंड्यांची सव्वा टनाहून जास्त शिंगे जाळली. केनियाने जगाला जे सांगायचे ते या जागेवरून सांगितले आहे. शिकारीवर तर तिथे १९७७ पासूनच बंदी आहे.

झाडी संपून माळ सुरू झाला आणि ज्यासाठी लोक इथे येतात ते दृश्य समोर आले. पिवळ्या गवतात सात-आठ जिराफ आणि त्यांच्या मानांच्या मागे शहराच्या उंच इमारती. डोक्यावरून उतरायला आलेले विमान. थोड्या अंतरावर झेब्र्यांचा कळप, त्यात मिसळलेले कोंगोनी. कोंगोनी म्हणजे लांबट तोंडाचे, पुढून उंच आणि मागून उतरते असे हरिण. नऊच्या सुमारास रस्त्याच्या कडेला दोन सिंहिणी आणि तीन अर्धवट वाढलेले बच्चे दिसले. गाडीकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. त्या दक्षिणेकडे तोंड करून बसल्या होत्या.

पुढे माळाच्या मधोमध काँक्रीटचे उंच खांब लागले. मोंबासा-नैरोबी नवी रेल्वे पुढे नैवाशाकडे नेताना तिचा सुमारे सहा किलोमीटरचा पूल उद्यानातून गेला. २०१९ मध्ये त्यावरून गाड्या सुरू झाल्या. प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून पूल उंच ठेवला आहे. पुलाखालून झेब्रे चालताना मी पाहिले. पहिल्या रेल्वेने शहर आणले, दुसरी उद्यानातून गेली. पण उद्यानाला खरा धोका या पुलाचा नाही, हे त्या दिवशी दुपारी कळले.

पावसात रिकामे होणारे उद्यान

इथे थोडे थांबून उद्यानाचे ऋतुचक्र समजून घ्यायला हवे.

केनियाच्या या भागात वर्षात दोनदा पाऊस पडतो. मार्च ते मे हा मोठा पाऊस, ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा लहान. म्हणजे आपल्याकडे आकाशकंदील लागतात त्या सुमारास तिथे लहान पाऊस सुरू होतो. आपला अंदाज असा, की पाऊस पडला, गवत उगवले, तर उद्यान प्राण्यांनी भरून जाईल. घडते उलटे. पाऊस पडला की चरणारे प्राणी नदी ओलांडून दक्षिणेला जातात आणि कोरड्या दिवसांत परत येतात.

याचे कारण गवतात आणि पाण्यात आहे. उद्यानात नदी आहे, बांधलेली लहान तळी आहेत. कोरड्या महिन्यांत दक्षिणेचा माळ सुकतो, तेव्हा पाण्यासाठी प्राणी उद्यानात येतात. पण उद्यानातले गवत पावसात उंच आणि जाडेभरडे होते. उंच गवतात पोषण कमी आणि सिंह लपायला जागा जास्त. दक्षिणेच्या अथी-कापुटेई माळावरचे गवत आखूड, कोवळे आणि खनिजांनी समृद्ध असते. पाडस पोटात असलेल्या किंवा दूध पाजणाऱ्या मादीला तेच हवे असते. म्हणून वाइल्डबीस्टच्या माद्या तिथे जाऊन वितात.

चरणाऱ्या प्राण्यांचेही एकमेकांशी नाते आहे. झेब्रा रवंथ करत नाही. तो भरभर खातो आणि भरभर पचवतो, म्हणून उंच गवताचे चिवट शेंडे त्याला चालतात. त्याने वरचे कापले, की खालचे पानाळ गवत वाइल्डबीस्टला मिळते. त्याने ते आणखी आखूड केले, की लहान चणीच्या गॅझेल हरणांना अगदी जमिनीलगतचे कोवळे कोंब मिळतात. पंक्तीत एकापाठोपाठ एक बसावे तसे हे चालते. पण ही पंगत फिरती आहे. ती एका जागी बसवली तर मोडते.

मासाईंची गुरेही शतकानुशतके याच लयीने हलत आली. मराठी वाचकाला यासाठी लांब जायला नको. दसरा-दिवाळीनंतर घाटावरून कोकणात उतरणारा आणि पावसाच्या तोंडाशी परतणारा धनगरांचा वाडा याच शहाणपणावर चालतो. गवत जिथे ज्या वेळी चांगले, तिथे त्या वेळी आपण.

तेव्हा ११७ चौरस किलोमीटर हे या प्राण्यांचे घर नव्हे. ते घरातले पाणी भरायचे ठिकाण आहे. घर दोन हजार चौरस किलोमीटरांहून मोठे आहे आणि त्याचा बहुतेक भाग नदीच्या दक्षिणेला, खासगी मालकीच्या जमिनीवर आहे. हे केवळ नैरोबीचे नाही. केनियातले सुमारे दोन-तृतीयांश वन्य प्राणी राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेर राहतात.

हे उद्यान झाले कसे, हेही यात महत्त्वाचे आहे. १९०४ आणि १९११ च्या करारांनी ब्रिटिशांनी मासाईंना त्यांच्या उत्तम कुरणांवरून हलवले. नैरोबीजवळच्या माळावर गुरे चरत, शिकारी येत, युद्धकाळात लष्कराचा सराव चाले. मर्व्हिन कावी नावाच्या नैरोबीतच जन्मलेल्या गोऱ्या हिशेबनिसाला तिथले प्राणी नाहीसे होताना दिसत होते. सरकार दाद देईना. तेव्हा त्यांनी 'ईस्ट आफ्रिकन स्टँडर्ड' या वृत्तपत्राला टोपणनावाने पत्र लिहिले आणि सगळे जंगली प्राणी मारून टाकावेत अशी मागणी केली. लोक खवळावेत हाच हेतू होता, आणि लोक खवळले. पुढे डिसेंबर १९४६ मध्ये केनियाचे हे पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि कावी उद्यानांचे पहिले संचालक झाले. युक्ती यशस्वी झाली. पण ज्यांच्या गुरांसोबत हे प्राणी इतकी वर्षे चरत होते त्या मासाईंचे मत त्या वादात कोणी विचारले नव्हते.

नदीच्या पलीकडे

दुपारी आम्ही पूर्वेच्या फाटकातून बाहेर पडलो आणि कितेंगेलाकडे वळलो. चालकांच्या ओळखीचे एक मासाई गृहस्थ तिथे राहतात. साठी उलटलेली, अंगावर लाल चौकड्यांची शाल, हातात काठी आणि मोबाइल. त्यांचे नाव इथे देत नाही. ते स्वाहिलीत बोलत, चालक इंग्रजीत सांगत.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे दिसत होते ते पुण्याच्या किंवा नाशिकच्या बाहेर दिसते तसेच होते. दगडी भिंतींच्या आत मोकळे प्लॉट, अर्धी झालेली घरे, हरितगृहे, दगडाच्या खाणी, सिमेंटचे दुकान, आणि जागा विकणे असल्याच्या पाट्या. १९८० च्या दशकापर्यंत ही जमीन मासाईंच्या गटाच्या सामाईक मालकीची होती. त्या दशकाच्या अखेरीस ती सभासदांत वाटली गेली आणि प्रत्येकाच्या नावावर तुकडा आला. १९९० मध्ये अथी रिव्हर येथे निर्यात प्रक्रिया क्षेत्र आले. कारखाने आले, कामगार आले, त्यांना घरे लागली. शहराला वाढायला याच दिशेला जागा होती. सामाईक जमीन विकता येत नव्हती. नावावरची विकता येते.

एकाने कुंपण घातले तर प्राणी वळसा घालून जातात. दहांनी घातले तर वाट अरुंद होते. शंभरांनी घातले तर वाट राहत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या माळावर सुमारे ३०,००० वाइल्डबीस्ट होते. २०११ पर्यंत ते पाच हजारांच्या आसपास आले. कोणी त्यांची कत्तल केली असे नाही. हवाई गणनांचे आकडे तपासणाऱ्या संशोधकांनी या घसरणीला कुंपणे, वस्ती, रस्ते आणि चोरटी शिकार अशी अनेक कारणे दिली आहेत. सकाळी उद्यानात मला वाइल्डबीस्ट तुरळकच दिसले होते. त्याचे उत्तर इथे, या दगडी भिंतींमध्ये होते.

गृहस्थांच्या वाड्याभोवती तारेची जाळी होती आणि खांबांवर लहान दिवे. रात्री ते उघडझाप करतात. या दिव्यांची गोष्ट आता जगभर माहीत झाली आहे. उद्यानाच्या काठावर गुरे राखणाऱ्या रिचर्ड टुरेरे या मुलाच्या लक्षात आले, की हातात विजेरी घेऊन वाड्याभोवती फिरले तर सिंह जवळ येत नाही, कारण त्याला हलता उजेड दिसतो. जाळ आणि बुजगावणी वापरून झाली होती, त्यांना सिंह सरावले होते. मग त्याने जुनी बॅटरी, सौरपट्टी, मोटारसायकलच्या इंडिकेटरचा भाग आणि विजेरीचे दिवे जोडून आपोआप लुकलुकणारी यंत्रणा केली. २०१३ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, त्याने एका आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर ती सांगितली. त्याआधीच्या वर्षी, जून २०१२ मध्ये, कितेंगेलाजवळ एका रात्री शेळ्या मारल्या गेल्यावर संतप्त रहिवाशांनी सहा सिंह मारले होते. त्यांत दोन लहान बच्चे होते.

मी गृहस्थांना विचारले, "सिंहांचा राग येत नाही?"

ते म्हणाले, "म्झे, सिंह बघणारा माणूस फाटकावर तिकिटाचे पैसे देतो. सिंह जेवायला माझ्याकडे येतो. राग सिंहाचा कशाला करू?"

सिंह बाहेर येतो तो हौसेने नाही. त्याचे खाद्य पावसात दक्षिणेला जाते, त्यामागे त्याला जावे लागते. शिवाय तरुण नर दोन-तीन वर्षांचा झाला की बापाच्या टोळीतून बाहेर काढला जातो. त्याला नवी जागा शोधावीच लागते. तो कुठे जाणार? तीन बाजूंना तार आहे. मार्च २०१६ च्या अखेरीस 'मोहॉक' या नावाने ओळखला जाणारा एक नर दक्षिणेला इसिन्यापर्यंत पोहोचला. भोवती गर्दी जमली, त्याने एका माणसाला जखमी केले आणि वनरक्षकांनी त्याला गोळ्या घातल्या.

एकरामागे तीनशे शिलिंग

मग जमीन मोकळी ठेवणाऱ्याला त्याचे पैसे का देऊ नयेत? हा प्रश्न नैरोबीतल्या काही निसर्गप्रेमींना फार आधी पडला होता. २००० साली तिथे जमीन-भाडेपट्ट्याची योजना सुरू झाली. मालकाने कुंपण घालायचे नाही, खाण काढायची नाही, नांगरायचे नाही, तुकडे पाडायचे नाहीत आणि प्राण्यांना येऊ-जाऊ द्यायचे. गुरे चारायला मात्र पूर्ण मोकळीक. बदल्यात एकराला वर्षाकाठी ३०० शिलिंग, म्हणजे त्या वेळचे सुमारे चार डॉलर. सुरुवातीला फक्त दोन कुटुंबांची २१४ एकर जमीन होती. पुढे शेकडो कुटुंबे आली.

या योजनेतली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट म्हणजे पैसे देण्याची वेळ. ते वर्षातून तीनदा, शाळेची सत्रे सुरू होताना दिले जात. गुरे पाळणाऱ्या कुटुंबाला रोख रक्कम लागते ती बहुधा फी भरायला. त्या वेळी हातात पैसा नसेल तर गाय विकावी लागते, आणि सतत गाई विकायची वेळ आली की शेवटी जमीन विकली जाते. फीच्या दिवशी पैसे आले की गाय वाचते, जमीन वाचते आणि त्या जमिनीवरची वाटही. प्राण्यांची वाट मुलांच्या फीवर अवलंबून असते, हे उद्यानाच्या कोणत्याही पाटीवर लिहिलेले नाही.

पण हिशेब करून पाहा. पन्नास एकरांचे या दराने वर्षाचे १५,००० शिलिंग होतात. घरासाठी प्लॉट म्हणून विकली तर त्यातल्या एका लहान तुकड्याची किंमतही याच्या कितीतरी पट येते. शिवाय हे पैसे देणग्यांतून यायचे, आणि देणगी हे कायमचे उत्पन्न नव्हे. गृहस्थांना दोन मुलगे आहेत. थोरल्याला जमीन ठेवायची आहे. धाकटा शहरात काम करतो, त्याला त्याचा हिस्सा विकून टेम्पो घ्यायचा आहे. "दोघेही बरोबर आहेत," गृहस्थ म्हणाले. "मी असेपर्यंत विकणार नाही. पुढचं मला कसं माहीत?"

मग त्यांनी मला विचारले, "तुमच्या देशात सिंह कोणाच्या जमिनीवर राहतात?"

कुंपण घालावे का?

यावर एक सरळ उपाय सुचवला जातो : चौथ्या बाजूलाही कुंपण घाला. २०२० मध्ये उद्यानाच्या व्यवस्थापन आराखड्याचा मसुदा पुढे आला, त्यात दक्षिणेच्या कुंपणाचा विचार होता. त्यावर मोठा वाद झाला.

कुंपणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. दक्षिणेचा माळ निम्मा-अर्धा गेलेलाच आहे, मग उरलेल्या वाटेसाठी माणसांचे जीव आणि जनावरे का धोक्यात घालायची? कुंपणाने गेंडे वाचतात, याचा दाखलाही केनियातच आहे. लेक नाकुरू राष्ट्रीय उद्यान पूर्ण कुंपणबंद आहे आणि तिथे गेंडे टिकले आहेत. गेंड्याला स्थलांतर करावे लागत नाही, संरक्षण लागते.

पण जे गेंड्याला मानवते ते वाइल्डबीस्टला आणि सिंहाला मानवत नाही. चौथी बाजू बंद झाली की कोरड्या वर्षी आत चारा कमी पडेल. सिंहांत बाहेरचे रक्त येणार नाही आणि काही पिढ्यांत जवळच्या नात्यातली प्रजा वाढेल. संख्या वाढली की पकडून दुसरीकडे न्यावे लागेल, कमी झाली की दुसरीकडून आणावे लागेल. प्राणी राहतील, पण माणसाने सतत सांभाळलेले. अशा जागेला आपल्याकडे प्राणिसंग्रहालय म्हणतात. नैरोबीचे मोठे प्राणिसंग्रहालय, एवढीच मग त्याची ओळख उरेल.

माझे मत असे, की कुंपणाचा खर्च, पुढच्या देखभालीचा खर्च आणि प्राणी हलवण्याचा खर्च एकत्र मांडून तो आकडा जमीनमालकांना द्यायच्या भाड्याशेजारी ठेवून पाहिला पाहिजे. आज फाटकावर जमणारा पैसा आणि नदीपलीकडे होणारे नुकसान यांची वही वेगवेगळी आहे. २०१३ च्या केनियाच्या वन्यजीव कायद्याने नुकसानभरपाईची तरतूद केली आणि खासगी-सामूहिक जमिनींवरच्या संवर्धन क्षेत्रांना मान्यता दिली, ही दिशा योग्य आहे. पण भरपाई म्हणजे शेळी मेल्यावर मिळणारे पैसे. भाडे म्हणजे सिंह जिवंत असताना मिळणारे. मालकाला सिंह हवासा वाटेल तो दुसऱ्या पैशाने.

आपल्याकडे कोणाच्या जमिनीवर?

गृहस्थांच्या प्रश्नाला मी तिथे दिलेले उत्तर साधे होते : आमचे सिंह गुजरातेत आहेत, माझ्या गावाकडे बिबटे आहेत, आणि तेही लोकांच्या जमिनीवरच राहतात. ते हसले.

मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे नैरोबीचे जवळचे नातेवाईक. तेही शहराला खेटून, तेही त्याच आकाराचे. तिथल्या बिबट्यांची २०१८ ची मोजणी ४७ अशी होती. तिथेही तीन बाजूंना वस्ती आहे आणि एक बाजू अजून थोडी उघडी आहे : उत्तरेला वसईच्या खाडीपलीकडे नागलाचे जंगल आणि त्यापुढे तुंगारेश्वर अभयारण्य. मध्ये खाडी, अहमदाबाद महामार्ग आणि रेल्वे आहे. नकाशावर ही पट्टी हिरवी दिसते, पण ती टिकते की नाही हे बोरिवलीच्या फाटकावर ठरत नाही. दख्खनच्या माळावरच्या लांडग्यांचे तर बहुतेक आयुष्यच अभयारण्यांबाहेर, मेंढपाळांच्या सोबतीने जाते. तो माळ सरकारी कागदांत पुष्कळदा पडीक म्हणून नोंदला जातो. पडीक म्हटले की तिथे प्लॉट पाडायला कोणाची हरकत नसते.

मुंबईत बिबट्यांचे हल्ले २००२ ते २००४ या वर्षांत फार वाढले, तेव्हा पहिला उपाय पिंजऱ्याचा होता. दुसरीकडे पकडलेले बिबटे या जंगलात आणून सोडले जात होते. त्याने प्रश्न बिघडत गेला, असे पुढे अभ्यासकांनी दाखवले. नंतर भर आला तो काठावरच्या वस्त्यांतला कचरा, मोकाट कुत्री, संध्याकाळचा उजेड आणि लोकांशी बोलणे यांवर, आणि हल्ले कमी झाले. बिबट्या तोच होता. लक्ष जंगलाच्या आतून काठाकडे वळले होते.

नैरोबीला कामासाठी किंवा आप्तांकडे जाणारी मराठी माणसे आता पुष्कळ आहेत, आणि बहुतेक जण एक दिवस या उद्यानासाठी काढतात. त्यांना माझे एवढेच सुचवणे आहे. प्राणी पाहायचे तर जुलै ते ऑक्टोबर हे कोरडे महिने निवडा. पहाटे सहाला आत शिरा, स्वेटर घ्या. दुपारी पाणघोड्यांच्या डोहाकडे जा. तिथे सशस्त्र रक्षकासोबत नदीकाठाने पायी फिरता येते. चालताना पलीकडच्या काठाकडे पाहा आणि तिथे गाई चरताना दिसल्या तर रक्षकाला विचारा, की यंदा पलीकडे किती नवी कुंपणे झाली. सिंह किती आहेत हे तर तो न विचारताही सांगेल.